ऊन-सांवलीची गोधडी

गोधडीवर निबंध तो काय लिहावयाचा, असें कोणी म्हणेल. चार जुनेरें, मोठी सुई आणि धांवदोरा, एवढेंच तिचें भांडवल. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आजीच्या हाताखालीं एक गोधडी शिवतांना प्रकाश आणि छाया यांविषयीं जें शिकावयास मिळालें, तें शाळासोबत्यांस व त्यांच्या वडीलधाऱ्या माणसांस सांगावें, म्हणून हा लेख लिहीत आहें.

आमच्या घराच्या पडवीस चार लांकडी खांब आहेत. सकाळच्या उन्हांत त्यांच्या लांब सांवल्या आंत पडतात. ही आकृति गोधडींत उतरवावी, असें माझ्या मनांत आलें. बारकाईनें पाहतां दिसलें कीं, खांबाच्या पायथ्याशीं सांवलीची कड सुरीनें कापल्यासारखी रेखीव असते, आणि पुढें ती धूसर होत जाते. याचें कारण असें कीं, सूर्य आपणांस बिंदूसारखा नव्हे, तर थाळीसारखा दिसतो. आकाशांत त्याचा व्यास सुमारें अर्धा अंश भरतो. जेथून ही थाळी अर्धवट झांकलेली दिसेल, तेथें ना पुरतें ऊन, ना पुरती सांवली. खांबापासून पांच फुटांवर ही मधली पट्टी सुमारें अर्धा इंच रुंद होते, दहा फुटांवर एक इंच. म्हणजे गोधडीस केवळ पांढरें आणि काळें कापड पुरणार नव्हतें. राखी छटेचेंही हवें होतें, आणि त्याची पट्टी टोकाकडे रुंदावत न्यावयास हवी होती.

आजीची दृष्टि कांचबिंदूमुळें मंदावली आहे. या विकारानें गेलेली दृष्टि परत येत नाहीं. उरलेली तेवढी औषधोपचारानें जपावयाची. तिला आतां रंग ओळखतां येत नाहींत. "शिवायची तर यंदाच शीव, पुढच्या वर्षाचा भरंवसा नाहीं," असें ती स्वतःच म्हणाली. जुनेरांचें गांठोडें सोडून मी निळें, तांबडें, हिरवें असे ढीग करूं लागलें, तेव्हां ती म्हणाली, "रंगांचीं नांवें सोड. डोळे किलकिले कर, आणि उजळ कोणतें, काळोखें कोणतें, एवढेंच पाहा." तसें करतांच गडद तांबडें आणि गडद हिरवें एकमेकांत मिसळून गेलीं. पुढें प्रत्येक जोडी मी तिच्यापुढें धरीत असें. "दोन्हीं एकच," असें ती म्हणाली, कीं ते तुकडे शेजारीं लावावयाचे नाहींत, हें ठरलें.

ही विद्या दूरदेशींही आहे. अमेरिकेंत पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर परगण्यांतील आमिश या ख्रिस्ती पंथाच्या स्त्रियांचा रजईचा एक प्रसिद्ध नमुना आहे. त्याचें नांवच 'ऊन आणि सांवली'. छापील कापड वर्ज्य करून साध्या एकरंगी कापडाचे लहान चौकोन उजळापासून गडदापर्यंत क्रमानें जोडलेले असतात. पॅरिस येथील गोबेलिनच्या चित्रपट विणणाऱ्या सरकारी कारखान्यांत शेव्हरल नांवाचा रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचा प्रमुख होता. काळा रंग फिका दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. शोध करतां दोष काळ्या रंगांत नसून शेजारच्या रंगांमुळें तसें भासतें, असें त्यास आढळलें, आणि १८३९ सालीं त्यानें त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

आतां उन्हासाठीं शुभ्र कापड कोठून आणावें, हा प्रश्न उरला. तसें घरांत एकच होतें: आजोबांचें धोतर. ते वारल्यापासून तें आजीच्या ट्रंकेंत घडी करून ठेवलेलें होतें. मागण्याचा धीर मला झाला नाहीं. तिसऱ्या दिवशीं तिनेंच तें काढलें, त्याबरोबर आपली काळी चंद्रकळा, आणि कातर माझ्या हातीं दिली. आईचे डोळे भरून आले. आजी म्हणाली, "ट्रंकेंत तें काळोखांतच आहे. बाहेर आलें तर ऊन तरी होईल."

एकटें पसरलें तेव्हां तें धोतर जुनें, पिवळसर वाटत होतें. दोन्हीं बाजूंस चंद्रकळेच्या पट्ट्या टांचतांच तें उजळून निघालें.

मग चारी कडांकडून मध्याकडे फेरे घेत आम्हीं धांवदोरा घातला. टांका बुडतो तेथें कापड दबतें, मध्यें फुगतें. तिरप्या उन्हांत प्रत्येक फुगवट्यामागें राईएवढी सांवली दिसते. सुईंत दोरा ओवून देणें माझें काम. आजीचा टांका मात्र बोटांच्या अंदाजानें सरळ पडे.

बाविसाव्या दिवशीं गोधडी पुरी झाली. आजीस ऊन दिसलें, खांबही दिसले. राखी पट्टी दिसली नाहीं. तिनें तेथें बोट फिरविलें, शिवण हातास लागली, तेव्हां "आहे, आहे," असें म्हणाली.

पालकांस एक विनंति. कांचबिंदु बहुधा न दुखतां येतो. चाळिशी उलटल्यावर डोळ्यांची तपासणी करवून घ्यावी. आणि सोबत्यांनो, तुमच्याही घरीं एखादें गांठोडें असेल, तें उघडून सांगणारें कोणी असेल. येत्या सुटींत त्यांच्यापाशीं बसा.