निसरड्या वाटेचे शब्द

१/ काही वर्षांपूर्वी उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात एक हिवाळा काढला. जानेवारीतल्या एका पहाटे भाड्याच्या घराच्या गोठलेल्या पायरीवरून घसरून पडलो. शेजारच्या वृद्ध बाईंनी हात देऊन उठवले. मी ओशाळून, माझेच लक्ष नव्हते, असे पुनःपुन्हा सांगत होतो. त्यांनी पायरीकडे पाहिले आणि एवढेच म्हटले, "इट्स स्लेप." हा शब्द मी त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता. आजचा धागा त्या शब्दाच्या नातेवाइकांविषयी.

२/ स्लेप म्हणजे निसरडे. प्रमाण इंग्रजीत हा शब्द आढळत नाही. तो उत्तरेकडील बोलींनी जपला आहे. नवव्या शतकापासून स्कँडिनेव्हियातले लोक या भागात येऊन वसले. त्यांच्या नॉर्स भाषेत निसरड्याला 'स्लेइप्र' म्हणत. नॉर्स पुराणांत ओडिन देवाच्या आठ पायांच्या घोड्याचे नाव स्लेइप्निर. तेही याच कुळातले. सरसर सरकत जाणारा, असा त्याचा भाव.

३/ जुन्या इंग्रजीचे स्वतःचे भांडारही मोठे होते. 'स्लीडान' म्हणजे घसरणे. त्यातून आजचा स्लाइड आला. 'स्लिडोर' म्हणजे निसरडे. स्कॉटलंडच्या बोलीत तो 'स्लिडरी' या रूपात टिकून आहे. 'स्लिड्रियान' म्हणजे घसरत घसरत चालणे; त्याचे आजचे रूप स्लिदर. हा शब्द ऐकताच आपल्याला साप आठवतो. परंतु सापाच्या चालीशी तो एकोणिसाव्या शतकात जोडला गेला. त्याआधी कित्येक शतके तो पाय न ठरणाऱ्या माणसाचा शब्द होता.

४/ स्लिडोरची एक प्रसिद्ध नोंद 'रून काव्या'त आहे. रून म्हणजे जर्मानिक लोकांची प्राचीन लिपिचिन्हे. एकेका चिन्हावर एकेक, अशी या काव्यात २९ कडवी आहेत. बर्फाच्या कडव्यात त्याच्या थंडीपाठोपाठ त्याच्या निसरडेपणाचा उल्लेख येतो आणि मग त्याच्या लखलखाटाचे कौतुक. या काव्याचे हस्तलिखित १७३१ साली लंडनमध्ये कॉटन संग्रहाला लागलेल्या आगीत नष्ट झाले. जॉर्ज हिक्स यांनी ते १७०५ मध्ये छापून ठेवले होते, म्हणून आज आपण ते वाचू शकतो.

५/ निसरडे आणि लखलखीत यांची ही जवळीक आणखी एका शब्दात दिसते. इंग्रजीत आनंदी माणूस 'ग्लॅड' असतो. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ चमकदार, तेजस्वी असाही होता. त्याचा जर्मन भाऊ 'ग्लाट' म्हणजे गुळगुळीत, निसरडा. डच भाषेत तर 'ग्लाड' म्हणजे थेट निसरडे. हिवाळ्यात तेथे रस्त्यांविषयीच्या इशाऱ्यांत तो नेहमी भेटतो. मूळ अर्थ गुळगुळीत. एका वाटेने तो चमक आणि आनंदाकडे गेला, दुसरीने गोठलेल्या रस्त्याकडे.

६/ उलटा प्रवासही झाला. काउस्लिप हे इंग्लंडच्या कुरणांत वसंतात फुलणारे नाजूक पिवळे फूल. त्याचे जुने नाव 'कूस्लुप्पे'. त्यातला 'कू' म्हणजे गाय आणि 'स्लुप्पे' म्हणजे बुळबुळीत लगदा, अर्थात शेण. गाई चरतात तेथे उगवणारे फूल, म्हणून हे नाव. आज त्या फुलाचे नाव घेताना कोणाला शेण आठवत नाही.

७/ 'स्लिपोर' या आणखी एका जुन्या विशेषणातून पुढे 'स्लिपर' आणि मग 'स्लिपरी' घडला. मायल्स कव्हरडेल यांच्या १५३५ च्या इंग्रजी बायबलमध्ये तो भेटतो. पस्तिसाव्या स्तोत्रात शत्रूंची वाट काळोखी आणि निसरडी व्हावी, अशी याचना आहे. शाप वाटेला लागतो. चालणारा आपोआप पडतो. त्याच शतकात स्लिपरी हे विशेषण माणसांनाही लागू लागले: बेभरवशाचा, हातातून निसटणारा.

८/ पंधराव्या शतकात लॅटिनमधून 'लॅप्स' इंग्रजीत आला होता. मूळ 'लाप्सुस', म्हणजे घसरणे. इंग्रजीत त्याचा अर्थ झाला चूक, कर्तव्यातली कसूर. हप्ता चुकल्यावर आपल्याकडे विम्याची पॉलिसी 'लॅप्स' होते, ती याच घसरण्यातून. मराठीही मागे नाही. आपल्याकडे जीभ घसरते, पाय घसरतो; आणि पाय घसरला म्हटले की ऐकणारा चिखलाचा नव्हे, चारित्र्याचा विचार करतो.

९/ त्याच वर्षी आषाढात आमचे अप्पा कोकणातल्या घराच्या जांभ्या दगडाच्या पायरीवर पडले. हाड मोडले नाही. पण त्यांनी ही गोष्ट तीन दिवस लपवली. मला आईकडून कळली. रोज सकाळी वाचनालयात जाणारे अप्पा घराबाहेर पडेनासे झाले होते. फोनवर म्हणाले, "माझाच पाय घसरला रे. वय झालं. आता आपण घरातच बसावं." हाच सूर मी जानेवारीत त्या बाईंसमोर लावला होता.

१०/ मी म्हटले, "अप्पा, पायरी निसरडी होती." ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "हो, शेवाळ फार धरलंय यंदा." दुसऱ्या दिवशी त्यांनी गड्याकडून ब्लीचिंग पावडर टाकून साऱ्या पायऱ्या घासून घेतल्या. आठवड्याने आईचा फोन आला: अप्पा वाचनालयात गेले आहेत.

११/ शब्दांचा इतिहास वाचून कोणाचा तोल सावरत नाही, हे मला ठाऊक आहे. पण दोष पायाचा मानला, तर माणूस घरात बसतो. तो पायरीचा मानला, तर पायरी घासता येते. यॉर्कशायरच्या त्या बाईंनी एका जुन्या शब्दात मला तेवढेच सांगितले होते.