बोटभर पट्टी

धडा ऐकायचा, तर टॅब्लेट घेऊन तिला राउटरजवळच्या उंबरठ्यावर बसावे लागे. स्वयंपाकघरात भावाचा फोन सुरळीत चाले; टॅब्लेटवर मात्र वायफायची एकच रेघ, तीही लुकलुकती. परीक्षा महिन्यावर आलेली. घरच्यांनी राउटर बदलला. वाया गेलेला खर्च! फोन चालतो, तेथे लहरी दुबळ्या कशा असतील?

शेजारच्या दुरुस्तीवाल्या काकांनी टॅब्लेटची पाठ किंचित तापवून उघडली व आधी बॅटरीची जोडणी सोडवली. कडेला बोटभर लांबीची पातळ पट्टी होती, तोच अँटेना. तिची केसासारखी तार इवल्याशा सोनेरी टोपीने सर्किट बोर्डावर बसलेली. टॅब्लेट पडला, तेव्हा ती तार मुळाशी तुटली होती. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर, तिच्या चतुर्थांशाएवढा अँटेनाही पुरतो. पण तो धातूच्या आड गेला, की लहरी अडतात. म्हणून नवी पट्टी काकांनी जुन्याच जागी लावली.

बॅटरी जोडून ते म्हणाले, "ताई, पाठ चिकटवण्याआधी चालवून बघा."

तिने स्वयंपाकघरात धडा लावला. कुकरच्या शिटीत पहिले वाक्य ऐकूच आले नाही. तिने ते पुन्हा लावले.