स्पीडब्रेकर आला, सगळे उतरा

बिद्रीतून कोल्हापूरला जाताना किती स्पीडब्रेकर लागतात, हे गावात माझ्याइतकं कुणाला पाठ नसेल. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मलाही माहीत नव्हतं. गाडी दोन इंच खाली घेतली आणि मग एकेक ओळखीचा होत गेला. कुठला लांबट, कुठला टोकदार, कुठल्यावरून तिरकं काढलं तर पोट घासत नाही, कुठल्यावर काहीही केलं तरी घासतंच.

गाडी म्हणजे आमची २०१३ची पांढरी स्विफ्ट. उसाच्या बिलाचे पैसे आले तेव्हा पप्पांनी सेकंडहँड घेतली. चालवायचो मी, धुवायचो मी, त्यामुळं ती माझीच. कागलच्या एमआयडीसीत नोकरी लागली आणि पहिल्या सहा महिन्यांत जे साठलं ते मी तिच्या चाकांवर घालवलं. याची लाज मला आजही वाटत नाही. ज्याच्या मोबाइलवर रोज रात्री काळ्या अलॉयच्या, जमिनीला चिकटलेल्या गाड्यांचे रील्स येतात, त्याला कंपनीची गाडी कशी दिसते हे त्यालाच ठाऊक. टायर आणि वरच्या पत्र्यामध्ये हात घालता येईल एवढी मोकळी जागा. मला ती गाडी आखूड पँट घातलेल्या पोरासारखी दिसायची.

चाकांचा अभ्यास मी नीट केला होता. कंपनीचा टायर १६५/८० आर १४. म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंची. हिशेब केला की पूर्ण चाकाचा व्यास साधारण ६२० मिलिमीटर येतो. मी घेतले १९५/५५ आर १६. त्याचा व्यासही जवळजवळ तेवढाच, ६२१. चाकाचा घेर बदलला नाही, त्यामुळं स्पीडोमीटर खोटं बोलणार नव्हता. हे मी मित्रांना इतक्या वेळा समजावलं की त्यांनी माझं नाव ‘प्राध्यापक’ ठेवलं. एक गोष्ट मात्र प्राध्यापकानं सांगितली नाही. रिम मोठी झाली आणि घेर तोच राहिला, म्हणजे मधलं रबर कमी झालं. आधी रिमच्या खाली १३२ मिलिमीटर टायर होता, आता १०७. खड्ड्याचा पहिला धक्का खाणारी अडीच सेंटिमीटरची गादी मी स्वतःच्या हातानं काढून टाकली होती.

मग उंची. तयार लोअरिंग स्प्रिंगांचा सेट महाग होता. वर्कशॉपातला म्हणाला, “कशाला पैसे घालवतोस भावा, आहे त्याच कापू.” ग्राइंडर लावला आणि तासाभरात चारही स्प्रिंगांचे दीड-दीड वेढे खाली पडले. गाडी जॅकवरून उतरली तेव्हा अशी बसली की मी तिथंच वीस फोटो काढले. नाद खुळा.

स्प्रिंग कापली की ती नुसती आखूड होत नाही, कडकही होते, हे मला नंतर कळलं. तीच तार, पण वाकायला वेढे कमी. सहा वेढ्यांचे साडेचार केले तर कडकपणा एक तृतीयांशानं वाढतो. शॉकॲब्सॉर्बर मात्र जुनाच राहतो. त्याला दबायला जेवढी जागा कंपनीनं दिलेली असते, तिच्यातली निम्मी तुम्ही गाडी उभी असतानाच खाऊन टाकलेली असते. जरा मोठा खड्डा आला की आतला रबरी ठोकळा लागतो आणि धक्का थेट बॉडीत, तिथून सीटमध्ये, तिथून मणक्यात. मागची चाकं खड्ड्यात लोंबली की आखूड स्प्रिंग आपल्या बैठकीत सैल होते, कधी निसटूही शकते. फोटोत यातलं काही दिसत नाही.

आज्ज्यानं गाडी बघितली तेव्हा तो काही बोलला नाही. काठी बाजूला ठेवून वाकला, दाराखाली मूठ घातली. मूठ गेली. मग अंगठा वर केला, तो अडकला. आज्ज्यानं उमेदीत टायरच्या बैलगाडीतनं बिद्रीच्या साखर कारखान्याला ऊस घातलाय. म्हणाला, “गाडीत भार मागं गेला की ती उलाळती. पुढं आला की बैलाच्या मानंवर बसतो. आमी गाडी भरताना बैलाकडं बगून भरायचो. तू कुणाकडं बगून केलंस?”

मी हसलो. “आज्ज्या, हिला बैल नाहीत.”

जानेवारीत ताई बाळंतपणाला माहेरी आली. आमच्याकडं जानेवारी म्हणजे ऐन गळीत हंगाम. दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर कारखान्याकडं चाललेले, रस्त्यावर उसाची कांडी पडलेली, डांबराच्या कडा खचलेल्या. ताईला आठवा संपत आला होता. एके रात्री अडीचच्या सुमाराला तिच्या पोटात दुखायला लागलं. कोल्हापूरच्या डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, लगेच घेऊन या. तीस-पस्तीस किलोमीटर. मी गाडी काढली. ताई आणि आई मागं, पप्पा पुढं.

गाडीत चौघं बसले की ती आणखी खाली जायची. कंपनीची १७० मिलिमीटरची उंची कापून १२० झालेली, त्यात हे वजन. नियमाप्रमाणं बांधलेला स्पीडब्रेकर दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. गाडी त्याच्यावर हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. आमच्याकडं अपघात झाला की दुसऱ्या दिवशी गावकरी जो घालतात, तो नियम वाचून घातलेला नसतो.

पहिल्यावर गाडी घासली. तो आवाज आतून ऐकलाय का कधी? पायाखालून पत्र्यावर दगड ओढल्यासारखा. ताईनं वरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं. आरशात मला तिचे डोळे मिटलेले दिसले. पुढं अर्धा किलोमीटर खराब होता, तिथं मी दहाच्या स्पीडनं चाललो तरी प्रत्येक खड्डा तिच्या तोंडून बाहेर पडत होता. दुसऱ्या स्पीडब्रेकरला मी गाडी थांबवली आणि जे रोज मित्रांना म्हणायचो तेच म्हणालो, “जरा उतरा.” मित्र उतरायचे, चेष्टा करायचे, पलीकडं परत बसायचे. त्या रात्री पप्पा उतरले. आई उतरली, थंडीत, स्वेटरशिवाय. मागं उसाचा ट्रॅक्टर येऊन थांबला, त्याच्या उजेडात दोघं रस्त्याच्या कडेनं चालत पुढं गेली. गाडी वर आली, मी तिरकी काढली, तरी जराशी घासलीच.

इस्पुर्लीच्या अलीकडं तिसरा आला. मी काही बोलायच्या आत मागचं दार उघडल्याचा आवाज आला. ताई म्हणाली, “थांब, मी पण उतरतो.” आमच्याकडच्या पोरी असंच बोलतात. एरवी त्या बोलण्याला एक तोरा असतो. त्या वेळी तिनं ते मला वाईट वाटू नये म्हणून म्हटलं होतं.

आईनं तिला उतरू दिलं नाही. तिथंच उभं राहून गल्लीतल्या काकांना फोन लावला. वीसेक मिनिटांत ते बोलेरो घेऊन आले. ताई तिच्यात बसली आणि बोलेरो त्याच स्पीडब्रेकरवरून डुलत निघून गेली. मी एकटा मागून गेलो. रिकामी गाडी कुठंही घासली नाही.

कळा खऱ्या नव्हत्या. सकाळी डॉक्टरांनी घरी सोडलं. कुणी मला बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

नंतर मी बरंच वाचलं. कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वस्त्यांतली पोरं दुसऱ्या महायुद्धानंतर अशाच गाड्या खाली घ्यायची, स्प्रिंगा कापून, डिकीत वाळूची पोती टाकून. १९५८ साली तिथं कायदा आला की रिमच्या तळापेक्षा गाडीचा कुठलाच भाग खाली नको. त्यावर त्यांनी विमानाच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप बसवले. बटण दाबलं की गाडी वर, पोलीस गेला की परत खाली. ते वाचून मी खूश झालो आणि मग गप्प झालो. त्यांची गाडी वर यायची. माझ्या कापलेल्या वेढ्यांना बटण नव्हतं.

आपल्याकडं तर गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायलाच मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९मध्ये तेच ठणकावून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवलं. हे मला आधी माहीत असतं तर मी थांबलो असतो का? खरं सांगायचं तर नाही. पोलिसाची भीती मला त्या ट्रॅक्टरच्या उजेडाएवढी कधीच वाटली नाही.

फेब्रुवारीत कंपनीच्या नव्या स्प्रिंगा आणि शॉकॲब्सॉर्बर बसवले. कापायला गेले होते त्याच्या कितीतरी पट पैसे गेले. सोळाच्या अलॉय विकल्या आणि स्विफ्टच्याच टॉप मॉडेलला येतात ते १८५/६५ आर १५ घातले, साध्या चंदेरी अलॉयवर. गाडी अजूनही मला थोडी उंच वाटते. खाली बसलेल्या गाडीचा फोटो दिसला की बोट अजूनही थांबतं. ती हौस गेलेली नाही आणि ती जावी असंही मला वाटत नाही. फक्त मी गाडी कायम रस्त्याच्या पलीकडं उभं राहून बघत होतो. आत कोण बसणार, हे त्या फोटोत कधी आलंच नव्हतं.

मार्चमध्ये मुलगी झाली. जूनमध्ये ताई सासरी निघाली. दाजी बोलेरो सांगू म्हणत होते. ताई म्हणाली, “कशाला? मी ह्याच्याच गाडीतनं जातो.”

आज्ज्यानं निघायच्या आधी वाकून मूठ घातली, अंगठा वर केला. अंगठा गेला. तो काही न बोलता काठी घेऊन ओट्यावर जाऊन बसला.

इस्पुर्लीच्या त्या स्पीडब्रेकरला मी सवयीनं ब्रेक दाबला आणि आरशात बघितलं. पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली, उतरली. ताईच्या मांडीवर भाची झोपली होती. ती उठली नाही.