ठिपके जोडून बघा

पालघर जिल्ह्यातल्या सरावली, बोईसर, तारापूर या पट्ट्यात लहान मुलं तपासण्याचं काम करताना एक गोष्ट लक्षात आली आहे. आईबापांचे प्रश्न फारसे बदलत नाहीत. 'काहीच खात नाही', 'खाल्लेलं अंगाला लागत नाही', 'शेजारचं ह्याच्याच वयाचं, ते पळतंय आणि हा अजून धरून उभा राहतो', 'सर्दी पाठ सोडत नाही', 'दोन वर्षांची झाली, बोलत नाही'. बदलली आहेत ती विचारणारी माणसं. आता समोर बसलेला बाप बहुधा एमआयडीसीत पाळीने काम करतो, आई चाळीतल्या खोलीत दिवसभर एकटी असते, आणि 'अगं, तूही अशीच होतीस' असं सांगणारी तिची आई कुठेतरी जळगावला किंवा गोरखपूरला असते. घरातलं ते जाणतं माणूस गेलं आणि त्याच्या जागी मोबाइल आला. मोबाइल धीर देत नाही, दुसऱ्यांची बाळं दाखवतो. यातल्या बहुतेक काळज्या निराधार असतात, हे मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं, डॉक्टर समजूत काढताहेत. तसं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की मुलाकडे एकदा बघून घाबरूही नये आणि निर्धास्तही होऊ नये. मूल कुठल्या दिशेने चाललं आहे ते बघावं. दिशा कळायला किमान दोन-तीन मोजमापं लागतात, आणि ती असली की बहुतेक घरांना सरळ सांगता येतं, की मूल ठीक आहे, घरी जा.

सगळ्यात मोठी तक्रार खाण्याची, म्हणून आधी तिचा हिशेब मांडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या मानकांनुसार मुलग्याचं मधलं वजन जन्मतः 3.3 किलो, वर्षाला 9.6, दोन वर्षांना 12.2 आणि तीन वर्षांना 14.3 किलो असतं. म्हणजे पहिल्या वर्षात सहा किलोंहून जास्त वाढ, दुसऱ्यात अडीच किलोंच्या आसपास आणि तिसऱ्यात जेमतेम दोन. मुलींचे आकडे थोडे कमी, पण चाल तीच. वाढीचा वेग निम्म्याहून खाली आला की भूकही त्या मानाने उतरणार. नेमक्या याच काळात मूल चालायला लागतं, हातातला घास टाकून मांजरामागे पळतं, आणि घरात हाकाटी होते की पोर जेवण सोडून बसलं. मग टॉनिक येतं, डब्यातली पावडर येते, आणि टीव्हीसमोर बसवून तोंडात कोंबणं सुरू होतं. पावडरीच्या गोड दुधाने पोट भरलं की भाकरी-वरण आणखीच मागे पडतं आणि तक्रार खरी ठरू लागते. दुसऱ्या वर्षात जेवण कमी होऊनही ज्याच्या वजनाची रेघ हळूहळू का होईना वर सरकते आहे, ते मूल पुरेसं खातं आहे. वाटीत किती उरलं यावरून हे ठरत नाही.

चालण्याबोलण्याच्या काळजीला तर एक आकडेवारीची चूकच कारण असते. 'मुलं वर्षाची झाली की चालतात' हे वाक्य सरासरीचं आहे, आणि सरासरीचा अर्थच असा की बरीच मुलं तिच्या मागे असणार. ही अडचण ओळखून अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने 2022 मध्ये आपली विकासटप्प्यांची यादी बदलली. आता टप्पा लिहिला जातो तो दर चारपैकी तीन मुलं ज्या वयात तो गाठतात त्या वयापाशी. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या 816 निरोगी मुलांवर महिनोन् महिने नजर ठेवली. मूल आधाराशिवाय बसण्याचा काळ 3.8 ते 9.2 महिने निघाला, आणि आधाराशिवाय चालण्याचा 8.2 ते 17.6 महिने. सव्वाआठ महिन्यांना चालणारं आणि साडेसतरा महिन्यांना चालणारं, दोन्ही मुलं निरोगी. शंभरातली चारेक तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. 'रांगला नाही, पायात दोष असेल' म्हणून येणाऱ्यांना मी हा आकडा सांगते. उलट चालणं लवकर यावं म्हणून आणलेला वॉकर काहीच लवकर आणत नाही, मात्र उंबऱ्यावरून आणि जिन्यावरून पाडतो. कॅनडाने 2004 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली, आपल्याकडे तो अजून बारशाचा आहेर आहे.

बोलण्याबाबत या भागाची अडचण थोडी निराळी आहे. सरावलीतल्या एका चाळीत मुलाच्या कानावर घरात भोजपुरी, शेजारी मराठी, दुकानात हिंदी आणि पाड्यावरून कामाला येणाऱ्या बाईच्या तोंडून वारली पडते. वर आईला वाटतं, इंग्रजी बालवाडीत घालायचं आहे तर आतापासून 'ॲपल' म्हणायला शिकवावं. मूल उशिरा बोललं की दोष भाषांच्या गर्दीवर जातो आणि कोणीतरी सल्ला देतं, घरात एकच भाषा बोला, ती हिंदी. हा सल्ला चुकीचा आहे. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांचे प्रत्येक भाषेतले शब्द कमी भरतात, पण दोन्ही मिळून मोजले तर ती एकभाषक मुलांच्या बरोबरीने असतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून शब्द मोजताना 'पानी'ही धरायचं आणि 'पाणी'ही. आईने तिला सहज येते त्याच भाषेत बोलावं. मोडक्या परक्या भाषेतल्या चार वाक्यांपेक्षा तिच्या बोलीतली बडबड मुलाला जास्त देते. मात्र भाषा अनेक आहेत एवढ्यावर उशिराकडे काणाडोळाही करू नये. मूल वर्षाचं झालं तरी बोट दाखवत नाही, हाकेला वळत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांना दोन शब्द स्वतःहून जोडत नाही, किंवा येत असलेलं बोलणं कोणत्याही वयात गेलं, तर पहिली पायरी कानांची तपासणी. तिथे वाट बघण्यात शहाणपण नाही.

सर्दी-खोकल्याचा प्रश्न इथे विचारला जातो तेव्हा त्यामागे धूर असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात सर्वांत प्रदूषित ठरलं होतं. तेव्हा 'हवेचा काही संबंध नाही' असं मी कोणत्याही आईला सांगणार नाही. पण लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं, पाळणाघरात जाणाऱ्याला त्याहून जास्त वेळा होणं, आणि प्रत्येक वेळी खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळणं हे स्वच्छ हवेच्या गावांतही घडतं. म्हणजे पावसाळ्यापासून होळीपर्यंत मूल सतत शेंबडं दिसणार, आणि यातल्या बहुतेक सर्दीला प्रतिजैविकाचा उपयोग नसतो. खोकल्याच्या औषधाचंही तेच. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये काढला. त्या बाटल्या घराघरांत कपाटात असतात. खोकल्याच्या आवाजापेक्षा श्वास मोजावा. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट छाती बघायची. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आतल्याला 50 किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाला 40 किंवा जास्त श्वास भरले, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला गेला, तर त्याच रात्री दवाखाना. वारंवार छातीत घुरघुर होत असेल तर दम्याचा विचार करावा, आणि तिथे हवेचा मुद्दा खराच पुढे येतो. घरात कोणी बिडी-सिगरेट ओढत असेल तर आधी ती बाहेर जावी. कारखान्याच्या चिमणीवर आपला हात पोहोचत नाही, हिच्यावर पोहोचतो.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. ज्या जिल्ह्यात जव्हार-मोखाडा आहे, ज्या भागाचं नाव 1992-93 मध्ये वावर-वांगणीतल्या कुपोषणाच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्रभर गेलं, तिथे 'काळजी करू नका' म्हणणं हा गुन्हा नाही का? आक्षेप योग्य आहे, आणि त्याला मोघम उत्तर चालणार नाही. निरोगी मुलांच्या मोठ्या समूहात मानकाच्या खालच्या रेषेखाली, म्हणजे वजा दोन प्रमाण विचलनाखाली, शंभरात दोन-तीन मुलं निसर्गतःच असतात. 2019-20 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली 36 मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची भरली. दोन-तीन कुठे आणि छत्तीस कुठे. मधली सगळी मुलं 'चणीनेच बारीक' असू शकत नाहीत. 'आमच्या घराण्यातच सगळे सडपातळ' हे उत्तरही फार दूर जात नाही. ही मानकं ज्या मुलांवरून बनली त्यांत दक्षिण दिल्लीतली मुलं होती, आणि नीट खाऊपिऊ मिळालेल्या सहा देशांतल्या मुलांच्या लांबीतल्या एकूण फरकापैकी देशादेशांतला वाटा जेमतेम 3 टक्के निघाला. बाकीचा मोठा फरक एकाच गावातल्या मुलामुलांमधला होता.

पण हीच आकडेवारी माझ्या मुद्द्याच्या बाजूने उभी राहते. अंगणवाडीतलं वजनाच्या नोंदीचं जे कार्ड कुपोषण पकडतं तेच कार्ड निष्कारण भीती घालवतं, फक्त त्यावरचा एकटा ठिपका वाचायचा नाही. समजा एका मुलाचं वजन मधल्या रेषेच्या बरंच खाली आहे, पण कार्डावरच्या हिरव्या, म्हणजे ठीक वजनाच्या पट्ट्यात आहे, आणि महिनोन् महिने रेघ वरच्या रेषेला समांतर चालली आहे. मूल खेळतं, झोपतं. त्याची आई रोज रडते. दुसरं मूल गुटगुटीत, गालांना हात लावावासा वाटणारं, पण गेले तीन महिने त्याची रेघ आडवी पडली आहे. त्याची आई निर्धास्त असते, कारण तेही हिरव्यातच आहे. मला चिंता दुसऱ्याची वाटते. कदाचित त्याचं वरचं अन्न उशिरा सुरू झालं, कदाचित जुलाब वरचेवर होताहेत, कदाचित आई पुन्हा कामाला लागली आहे. पिवळ्या किंवा नारिंगी, म्हणजे कमी वजनाच्या पट्ट्यातलं मूल मात्र रेघ वर जात असली तरी तपासायचंच. त्याचा दंडघेर मोजायचा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला किंवा दोन्ही पावलांवर सूज असली, तर ते तीव्र कुपोषित आहे आणि त्याला उपचार हवेत, धीराचे शब्द नकोत.

दुसरा आक्षेप शिकलेले पालक घेतात. 'थांबा, होईल' असं ऐकत बसल्याने कितीतरी मुलांचा स्वमग्नतेचा किंवा बहिरेपणाचा निदानाचा काळ वाया जातो, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. थांबायचं असेल तर तारीख ठरवून थांबावं, एवढी भर मी त्यात घालते. 'मोठं झालं की बोलेल' हे काही उत्तर नव्हे, 'सहा आठवड्यांनी पुन्हा बघू, तोपर्यंत या तीन गोष्टी टिपून ठेवा' हे उत्तर आहे. असं टिपून ठेवण्याची परंपरा याच किनाऱ्यावरची आहे. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम वाढलं. आदिवासी मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. मुलाला आधी त्याच्या जागी, त्याच्या गतीने बघायचं, मग काय ते ठरवायचं, ही त्या कामाची शिस्त होती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं उद्घाटनही फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरलाच झालं. त्यात फिरत्या पथकाने अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा आणि शाळेतली एकदा तपासायची असतात. पथक आलं त्या दिवशी मूल मामाच्या गावी असेल तर तपासणी हुकते, म्हणून तारीख सेविकेला विचारून ठेवावी.

वाचणाऱ्या आईबापांना माझी विनंती साधी आहे. अंगणवाडीत किंवा दवाखान्यात वजन झालं की आकडा ऐकून घरी येऊ नका. सेविकेकडून तो माता बाल संरक्षण कार्डावर मांडून घ्या आणि मागचे दोन-तीन ठिपके जोडून बघा. ठिपके हिरव्या पट्ट्यात असून रेघ वर चालली असेल तर शेजारणीला काय वाटतं ते सोडून द्या, टॉनिकचे पैसे वाचवून अंडी आणा. दोन महिने आडवी राहिली किंवा खाली वळली, तर मूल कितीही हसरं असो, त्याच आठवड्यात दाखवून घ्या. कार्ड नसेल तर मागा, ते फुकट मिळतं.