कड्यांची झोळी

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडे चढत जाणाऱ्या साताऱ्याच्या बोळांत बाबागाडी चालत नाही. चढ, पायऱ्या, उघडी गटारं आणि समोरून येणाऱ्या दुचाक्या यांतून ती उचलूनच न्यावी लागते. माझ्या धाकट्या बहिणीचं सासर तिथलं, माहेर सांगलीचं. पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी झालं. तीन महिन्यांच्या लेकीला घेऊन परत जायची वेळ आली, तेव्हा बाळ अंगाशी राहील, एक हात तरी मोकळा राहील, वाटेत पाजता येईल आणि खिशालाही परवडेल असं काहीतरी तिला हवं होतं. खरेदीला, शिवणाला आणि पहिल्या प्रवासाला मी तिच्याबरोबर होते.

सांगलीच्या दुकानांत आधी समोर आले ते पट्ट्या-बकलांचे बेबी कॅरिअर. जाड फोम, वर जाळी, किंमत दीड-दोन हजारांच्या पुढे. बहिणीने दुकानातच एक बांधून पाहिला. बैठक इतकी अरुंद की बाळाचे पाय सरळ खाली लोंबत होते. गुडघे बुडापेक्षा थोडे वर आणि मांड्या फाकलेल्या, ही खुब्याच्या सांध्याला मानवणारी बैठक. कडेवर घेतलेलं मूल आपसूक तसंच बसतं. शिवाय त्या कॅरिअरमध्ये बाळ छातीच्या बरंच वर येत होतं. पाजायचं तर बकलं सोडायची आणि तेवढ्यात बाळ दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्यायचं. सांगलीच्या उन्हाळ्यात तो फोम पोटाशी बांधून हिंडणंही कठीण होतं. तिने तो परत केला.

दुसरा प्रकार बराच स्वस्त होता: खांद्यावर अडकवायचा आणि खाली खोलगट पिशवीसारखा शिवलेला स्लिंग, म्हणजे झोळी. दुकानदार म्हणाला, यात बाळ पाळण्यातल्यासारखं निजतं. नेमकी तिथेच काळजी घ्यायला हवी. मार्च २०१० मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने स्लिंगबद्दल जाहीर इशारा दिला होता. आधीच्या २० वर्षांत १४ बाळं दगावल्याची माहिती आयोगाकडे होती, आणि त्यांतली १२ चार महिन्यांच्या आतली होती. त्याच महिन्यात एका कंपनीला असे सुमारे १० लाख पिशवीवजा स्लिंग बाजारातून परत मागवावे लागले.

धोका दोन वाटांनी येतो. कापड नाकातोंडावर दाबलं गेलं, तर मान न धरलेलं बाळ तोंड फिरवू शकत नाही आणि एक-दोन मिनिटांत गुदमरू शकतं. किंवा पिशवीत अंगाचं मुटकुळं होऊन हनुवटी छातीला टेकते, श्वासाची वाट अरुंद होते आणि बाळाला रडून बोलावताही येत नाही.

म्हणून ब्रिटनमध्ये पालकांना पाच गोष्टी तपासायला शिकवतात. कापड अंगाला घट्ट हवं. बाळाचा चेहरा सतत दिसायला हवा. मान खाली केली की कपाळाचा पापा घेता यावा. हनुवटी आणि छाती यांच्यात किमान एका बोटाची जागा राहावी. पाठीला पूर्ण आधार मिळावा. बहिणीने हे वहीत लिहून घेतलं आणि दुकानातली ती पिशवी यातल्या एकाही अटीला उतरेना.

मग राहिला रिंग स्लिंग. लांब कापडाच्या एका टोकाला दोन कड्या शिवलेल्या असतात. दुसरं टोक पाठीवरून फिरवून त्यांतून ओवायचं आणि ओढून घट्ट करायचं. कडीशी कापड सैल केलं की बाळ खाली येतं, लोंबणारं टोक, म्हणजे शेपूट, ओढलं की वर जातं. १९८०च्या दशकात हवाई बेटांवर तयार झालेली ही रचना पाजणाऱ्या आईला सोयीची ठरते ती यामुळेच. गाठ सोडावी लागत नाही आणि बाळ अंगावेगळं करावं लागत नाही.

आईचं म्हणणं, विकत कशाला, घरात लुगडी आहेत. तिने ट्रंकेतून आजीचं सुती नऊवारी काढलं. हात लावला तर लोण्यासारखं मऊ. बहिणीने ते खिडकीच्या उजेडात धरलं. घड्यांच्या रेघांवर उभे धागे विरले होते आणि त्यांतून उजेडाचे ठिपके दिसत होते. पाच-सहा किलोंचं मूल त्यावर टांगायचं नाही, हे आईलाही पटलं. त्या लुगड्याची दुपटी झाली.

कापड पेठेत हातमागाचं सुती कापड मिळालं. चादरीहून पातळ, ओढणीहून घट्ट विणीचं. साटीन कडीतून सरकतं, जाड कापड कडीत अडकून बसतं, आणि ताणणारं होजिअरी कापड या शिलाईला चालत नाही. बाळ कापड चोखणारच, म्हणून रंग जातो का ते दुकानातच ओल्या रुमालाने घासून पाहिलं. कड्यांच्या बाबतीत मात्र तडजोड केली नाही. हार्डवेअरच्या दुकानातल्या कड्यांना डाग दिलेला जोड असतो. तिथे कापड कातरतं, प्रसंगी कडीही उघडते. स्लिंगसाठीच बनवलेल्या बिनजोड ॲल्युमिनियमच्या दोन कड्या मागवल्या. शिंप्याने खांद्यावर चुण्या घालून मजबूत दोऱ्याच्या तीन उभ्या शिलाया मारल्या. बाळाआधी त्यात ज्वारीची दहा किलोंची पिशवी बसली आणि ती घेऊन बहीण जिना चढली-उतरली. कापड, कड्या आणि शिलाई धरून सगळा खर्च हजाराच्या आत राहिला.

पाजायचं तंत्र तिने घरी आरशासमोर पक्कं केलं. डाव्या हाताने बाळाचं बूड तोलायचं आणि उजव्याने वरची कडी किंचित उचलायची, की कापड दोन बोटं सरकतं. बाळ उभंच ठेवून तोंड छातीच्या पातळीला आणायचं. एक हात मानेमागे असतो, डोकं दाबायचं नाही. नाकपुड्या दिसल्या पाहिजेत. पिऊन झालं की ढेकर काढायची, बाळ पुन्हा वर घ्यायचं, शेपूट ओढायचं. हा शेवटचा भाग कधीच टाळायचा नाही, कारण पाजताना सैल केलेलं कापड तसंच राहिलं तर बाळ झोपेत खाली घसरतं. पाजताना दोन्ही हात मोकळे राहतात हा जाहिरातीतला दावा तिने सोडून दिला. एक हात बाळापाशी राहतोच.

सांगलीहून कराडमार्गे साताऱ्याला आम्ही एसटीने गेलो. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवास परवडतो. पाजण्यासाठी स्थानकांवर हिरकणी कक्ष असतात. तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरलेल्या गवळणीचं नाव त्यांना दिलेलं आहे. पण बाळाची भूक स्थानक यायची वाट पाहत नाही. वाटेत मुलगी रडली, तेव्हा बहिणीने खिडकीकडे वळून कडी सैल केली आणि कापडाचं शेपूट खांद्यावरून पुढे घेतलं. चेहरा झाकला नाही. शेजारच्या मावशींनी न विचारता पिशवी आपल्या मांडीवर घेतली.

सासरी दोन बंधनं तिने स्वतःच घातली: चुलीपाशी स्लिंग नाही आणि स्कूटरवरही नाही. सासूबाईंना आधी सगळंच अवघड वाटत होतं. नातीला स्वतःच्या अंगाशी बांधून देवळापर्यंत जाऊन आल्यावर त्याच आता संध्याकाळी स्लिंग मागून घेतात.

शेजारच्या घरी अपुऱ्या दिवसांचं, दोन किलोंच्या आतलं बाळ आलं, तेव्हा त्या आईने हा स्लिंग मागितला. बहिणीने तो दिला नाही. एवढ्या लहान बाळासाठी कांगारू पद्धत असते, म्हणजे उघड्या छातीवर बाळ उभं ठेवून वरून कापड बांधायचं. बोगोटातल्या रुग्णालयात इनक्युबेटर अपुरे पडत होते म्हणून डॉ. एडगार रे सनाब्रिया यांनी ती १९७८ मध्ये सुरू केली. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना अशा बाळांना जन्मानंतर लवकरात लवकर आणि दिवसातले ८ ते २४ तास असं ठेवायला सांगते. हे रुग्णालयातल्या सिस्टरकडूनच शिकायचं, आणि स्लिंग कधी वापरायचा हे बाळाचं वजन वाढल्यावर डॉक्टरांना विचारून ठरवायचं, असं तिने शेजारणीला बजावलं. तोवर कापड घेऊन, धुऊन मऊ करून ठेवता येईल म्हणून मापही लिहून दिलं: लांबी सव्वादोन मीटर, पन्हा पाऊण मीटर, कड्या बिनजोड.