रविवारचे चार तास

पूर्ण मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. तिच्या तयारीसाठी सोळा आठवड्यांचं एक वेळापत्रक असतं. मंगळवारी आठ किलोमीटर, गुरुवारी दहा, शनिवारी हलके पाच, आणि रविवारी लाँग रन. हा लाँग रन सोळापासून चढत चढत बत्तीसपर्यंत जातो आणि शेवटच्या तीन आठवड्यांत पुन्हा खाली येतो. या उताराला टेपर म्हणतात. वेळापत्रकात पेस लिहिलेला असतो, पाणी किती आणि कधी प्यायचं ते असतं, पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर बूट बदला असंही असतं. आपण रस्त्यावर असताना घरचं पाणी कोण भरणार, हे मात्र त्यात कुठेच नसतं.

आमच्या गल्लीत नळ सव्वासहाला येतो आणि सातला जातो. सासूबाईंची थायरॉईडची गोळी सहाला, रिकाम्या पोटी. मग अर्ध्या-पाऊण तासाने त्यांचा चहा. मुलगा अकरावीत, त्याला उठवणं हे वेगळंच काम. माझा पेस किलोमीटरला आठ मिनिटं, म्हणजे बत्तीस किलोमीटरला सव्वाचार तास. पहाटे साडेचारला निघालं तरी परत यायला पावणेनऊ. धावणं अवघड आहे का, असं लोक मला विचारतात तेव्हा माझ्यासमोर यवतेश्वरचा घाट येत नाही, हे सहा ते पावणेनऊ येतात.

मी त्रेचाळिसाव्या वर्षी चालायला लागले. साखर काठावर आली होती. चालण्याचं धावणं झालं आणि आता या गोष्टीला चार वर्षं झाली. साताऱ्यात राहणाऱ्याला धावण्याचं फारसं अप्रूप राहिलेलं नाही. २०१२ पासून इथे हिल हाफ मॅरेथॉन होते. गावातून निघायचं, समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचं आणि मागे फिरून तोच घाट उतरायचा. शिवाय ललिता बाबर आमच्याच जिल्ह्यातली, माण तालुक्यातल्या मोहीची. २०१६ साली ती रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, तेव्हा आमच्या बँकेत पेढे वाटले होते. पण ललिता धावते तो खेळ असतो. बँकेतली सत्तेचाळीस वर्षांची बाई काळोखात डोक्याला टॉर्च लावून धावते, त्याला काय म्हणायचं हे गल्लीला अजून ठरवता आलेलं नाही.

या चार वर्षांत एक गोष्ट माझ्या नीट लक्षात आली. मी नुसती ‘जाऊन येते’ म्हणायचे, तेव्हा मला कुणीही थांबवू शकायचं. पाहुणे आलेत, सिलिंडर यायचाय, पोराची चाचणी आहे, आज थंडी फार आहे. कुणी वाईट बोलायचं नाही. ‘आज राहू दे ना’ एवढंच. पण हाफ मॅरेथॉनचा पहिला अर्ज भरला, पैसे भरले, तारीख आली, आणि घराची भाषाच बदलली. सासूबाई शेजारच्या काकूंना सांगू लागल्या, “तिची शर्यत आहे ना, म्हणून जाते हो.” जाणं तेच, रस्ता तोच, वेळही तीच. पण आता त्याला तारीख होती. आपल्याकडे तारखेला फार मान. लग्नाची असो, कोर्टाची असो की परीक्षेची, तारीख म्हटली की घर जुळवून घेतं. छातीवर लावायचा तो नंबराचा कागद, ज्याला बिब म्हणतात, तो माझ्यासाठी शर्यतीचा नंबर कमी आणि मंजूर झालेला रजेचा अर्ज जास्त होता.

बायका आणि बिब यांची गोष्ट जुनी आहे. १९२८ साली अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायका प्रथमच आठशे मीटर धावल्या. शर्यत संपल्यावर त्या कशा कोसळल्या, याची भडक वर्णनं वर्तमानपत्रांत आली आणि ती शर्यत १९६० पर्यंत बंदच झाली. बाईच्या शरीराला हे झेपणार नाही, हे कारण. १९६६ साली बॉबी गिब बॉस्टन मॅरेथॉनच्या सुरुवातीला झुडपात लपून राहिली आणि गर्दीत शिरून बिबशिवाय पूर्ण अंतर धावली. पुढच्या वर्षी कॅथरीन स्विट्झरने नुसती आद्याक्षरं लिहून अर्ज भरला आणि २६१ नंबरचा बिब मिळवला. वाटेत एका अधिकाऱ्याने तिला अडवून तो बिब ओढून काढायचा प्रयत्न केला. त्याचे फोटो जगभर गेले. बॉस्टनने बायकांना अधिकृत प्रवेश दिला १९७२ साली, आणि ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन सुरू झाली १९८४ साली, लॉस एंजेलिसला. म्हणजे मी शाळेत जायला लागले त्या सुमारास.

आज माझ्या शरीराला हे झेपणार नाही, असं कुणी म्हणत नाही. डॉक्टर उलट शाबासकी देतात. शरीराचा प्रश्न मिटला. वेळेचा मात्र तसाच आहे. बाई बेचाळीस किलोमीटर धावू शकते हे सगळ्यांना पटलंय. तिने त्यासाठी रविवारचे चार तास कुठून आणायचे, एवढंच विचारायचं राहून गेलंय.

गेल्या वर्षी मी पूर्ण मॅरेथॉनचा अर्ज भरला. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून सोळा आठवडे मागे मोजले की सप्टेंबरची अखेर येते. म्हणजे वेळापत्रक नवरात्रातून, दिवाळीतून, मार्गशीर्षातल्या गुरुवारांतून जाणार. नवरात्राची अडचण झाली नाही. लाँग रनच्या आदल्या रात्री साबुदाण्याची खिचडी आणि राजगिऱ्याचे लाडू याहून चांगलं खाणं कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. मार्गशीर्षातले गुरुवारचे दहा किलोमीटर बुधवारवर ढकलले. नरक चतुर्दशीला तर गंमतच झाली. पहाटे पाचला मी आठ किलोमीटरसाठी निघाले, तर सगळं गाव जागं. दारोदारी पणत्या, तेलाउटण्याचा वास. एरवी त्या वेळी रस्त्यावर मी आणि कुत्री असतो. उजाडायच्या आत परत येऊन मीही अभ्यंगस्नान केलं.

डिसेंबरमध्ये सासूबाईंच्या मोतीबिंदूची तारीख मिळाली. गुरुवारी ऑपरेशन, आणि लगेचच्या रविवारी माझे बत्तीस किलोमीटर. नवरा कोल्हापूरला नोकरीला असतो, शनिवार-रविवार घरी. फोनवर म्हणाला, “पुढच्या रविवारी धावलीस तर नाही का चालणार?”

“नाही चालणार,” मी म्हटलं. बत्तीसनंतर शरीर भरून यायला तीन आठवडे लागतात, पुढे ढकललं तर सगळं हिशेबाबाहेर जातं, हे समजावून सांगितलं.

“मग आईच्या डोळ्यांत थेंब कोण घालणार?”

“तुम्ही.”

फोनवर थोडा वेळ शांतता होती. भांडण नव्हतं. हा पर्याय आजवर कुणी मांडलाच नव्हता, एवढंच. त्याने रजा टाकली. मी माझ्या वेळापत्रकाच्या कागदामागे थेंबांचं वेळापत्रक आखलं. एक औषध दिवसातून सहा वेळा, दुसरं चार वेळा, दोन्हींच्या मध्ये दहा मिनिटांचं अंतर. पुढून किलोमीटर, मागून थेंब. रविवारी पावणेनऊला मी घरी आले तेव्हा सासूबाई काळा चष्मा लावून बसल्या होत्या. म्हणाल्या, “झाले का गं बत्तीस? ह्याने तीनदा थेंब गालावरच घातला.” पाणी भरलेलं होतं. पिंपावर झाकण नव्हतं, पण पाणी होतं.

मुंबईबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सी लिंकवर पहाटेचा वारा अंगावर घेत धावताना आपण फार मोठं काही करतोय असं वाटतं आणि परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ ते वाटणं काढून घेतो. शरीरात साठवलेली साखर तिशीच्या आसपासच्या किलोमीटरला संपत येते, पाय आपले राहत नाहीत. धावणारे याला ‘भिंत’ म्हणतात. मी खिशातली शेंगदाण्याची चिक्की खात, थोडं चालत, थोडं धावत पुढे गेले. रस्त्याकडेला लोक संत्र्याच्या फोडी आणि मीठ घेऊन उभे होते. पाच तास एकोणपन्नास मिनिटं लागली. घरी फोन केला तर सासूबाईंनी विचारलं, “पहिली कोण आली?”

खरी गोष्ट फेब्रुवारीत सुरू होते. तारीख गेली की महिन्याभरात रविवार परत घराचा होतो. कुणी काढून घेत नाही, तो आपोआप झिरपून जातो. आमच्या ग्रुपमध्ये चौघी बायका आहेत. त्यातल्या दोघी जानेवारीनंतर दिसेनाशा होतात आणि पुढचे अर्ज निघाले की परत येतात. तिसरी दर दोन महिन्यांनी कुठली ना कुठली शर्यत लावून घेते. प्रवेश फी, बसभाडं, राहण्याचा खर्च. भिंतीवर पदकांना जागा उरलेली नाही. ती एकदा म्हणाली, “मला शर्यत नको असते गं, तारीख हवी असते.” आमच्यातल्या पुरुषांना पदक हवं असतं, वेळ कमी करायचा असतो, फोटो हवे असतात. त्यात गैर काहीच नाही. पण आमची फी निराळ्या गोष्टीसाठी जाते. घराला पटेल असं कारण आम्ही विकत घेतो.

म्हणून या वर्षी मी कुठलाच अर्ज भरलेला नाही. घरी सांगितलं, शर्यत नाही, पण रविवार माझा आहे.

“कशासाठी मग?” नवऱ्याने विचारलं. खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं.

“असंच,” मी म्हटलं.

हा शब्द उच्चारायला मला घाटापेक्षा जास्त दम लागला. तब्येतीसाठी, साखरेसाठी, पुढच्या वर्षीच्या तयारीसाठी, अशी कितीतरी कारणं जिभेवर आली होती आणि सगळी खरीच होती. पण त्यातलं एक जरी पुढे केलं असतं, तर पुन्हा रजेचा अर्जच झाला असता. अर्ज म्हटला की तो नामंजूरही होऊ शकतो.

आतापर्यंत तीन रविवार झाले. दोनदा गेले. तिसऱ्या वेळी नणंदबाई मुलांना घेऊन आल्या होत्या, तेव्हा राहिलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या खाडाखोडीशेजारी मी रविवारच्या चौकोनांत नुसते आकडे लिहून ठेवलेत. सोळा, अठरा, सोळा, वीस. त्यांच्या शेवटी कुठलीही शर्यत नाही. सासूबाईंना आता नवीन डोळ्याने लांबचं स्वच्छ दिसतं. परवा त्यांनी ते आकडे वाचले, काही विचारलं नाही, फक्त थायरॉईडची गोळी उशाशी ठेवायला सांगितली, म्हणजे पहाटे त्यांची त्यांना घेता येईल.

या रविवारी अठरा आहेत.