शून्याच्या पुढच्या आवृत्त्या

स्वयंसेवकांनी बांधलेल्या ऑनलाइन खेळांचा विषय वर्गात निघाला की आमच्या नांदेड-लातूरकडच्या कॉम्प्युटरच्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, पण हा पूर्ण कधी होणार?" प्रश्न रास्त आहे. वेलोरेन 2018 साली सुरू झाला, त्याच्या आवृत्तीचा आकडा अजून शून्य पॉइंटातच आहे. वर्ल्डफोर्ज तर 1998 पासून चालू आहे, म्हणजे विचारणाऱ्यांच्या जन्माआधीपासून. हे खेळ मी शिकवायला वापरतो, अधूनमधून एखादा पॅचही पाठवतो. माझं उत्तर दरवर्षी तेच : पूर्ण होणार नाही, आणि ते विचारायचंही नाही. सोडून जाणाऱ्याच्या हातून पुढच्याच्या हाती काय गेलं, ते बघा.

अशा खेळात शेकडो अनोळखी माणसं एकाच जगात वावरतात. कोण कुठे उभा आहे, कुणाचा वार लागला, हे सगळं सर्व्हर ठरवतो. इथे कोड उघडा, म्हणजे कुणीही क्लायंट बदलून स्वतःला अमर करू शकतो. म्हणून खेळाडूच्या मशीनवर अजिबात विश्वास ठेवायचा नाही, हा पहिला नियम. दुसरी अडचण अंतराची. सर्व्हर फ्रँकफर्टला असेल तर नांदेडपासून तो सरळ रेषेत सहा हजार नऊशे किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. जाऊन-येऊन 69 मिलिसेकंद तिथेच गेले. केबल वळसे घेत जाते, त्यामुळे प्रत्यक्षात कितीतरी जास्त. तेवढ्या वेळात क्लायंट अंदाजाने पात्र पुढे चालवतो आणि सर्व्हरचं उत्तर आलं की चूक गुपचूप दुरुस्त करतो. अंदाज फार चुकला की पात्र मागे ओढलं जातं. पोरं त्याला लॅग म्हणून शिव्या घालतात. हे काम अवघड, आणि पडद्यावर न दिसणारं. हौशी माणूस तलवारी आणि ड्रॅगन काढायला येतो, या कामाला फार थोडे थांबतात.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण 'द माना वर्ल्ड'. 2004 मधला द्विमितीय, जुन्या जपानी खेळांच्या वळणाचा हा खेळ. स्वतःचा सर्व्हर लिहायचा, असा मंडळींचा बेत होता. पण खेळाडूंना थांबवून कसं चालेल? म्हणून 'ई-अथेना' नावाचा, 'रॅग्नारॉक ऑनलाइन' या कोरियन खेळाच्या सर्व्हरची नक्कल करणारा मुक्त सर्व्हर आणून बसवला. तात्पुरता! आपल्याकडचं तात्पुरतं जसं कायमचं होतं, तसंच तिथेही झालं. स्वतःचा सर्व्हर वर्षानुवर्षं लिहिला जात राहिला, पण चालत्या खेळाची जागा त्याने कधी घेतली नाही. याला फसलेला प्रकल्प म्हणावं का? याच खेळाच्या कामातल्या थोरब्यॉर्न लिंडाइयर यांच्या हातून नकाशे काढायचं 'टाइल्ड' नावाचं साधन तयार झालं. आज द्विमितीय खेळ करणारे जगभरचे लोक ते वापरतात, त्यांतल्या कित्येकांनी माना वर्ल्डचं नावही ऐकलेलं नसेल. माझ्या हिशेबात ही प्रगती जमेच्या बाजूला पडते.

'रायझम'ची गोष्ट उलट दिशेने येते. नेव्हराक्स या फ्रेंच कंपनीचा हा खेळ 2004 मध्ये बाजारात आला, 2006 मध्ये कंपनी बुडाली. खेळ विकत घेऊन मुक्त करावा म्हणून मोहीम निघाली, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने 60,000 डॉलर देऊ केले, तरी तो दुसऱ्या कंपनीकडे गेला. शेवटी 2010 मध्ये कोड खुला झाला आणि सोबत चित्रं, त्रिमितीय आकृत्याही. हे 'सोबत' फार महत्त्वाचं. 'प्लेनशिफ्ट' या अशाच दुसऱ्या ऑनलाइन खेळाचा कोड मुक्त होता, पण कलाकृती राखीव ठेवल्या होत्या. जगाशिवाय नुसतं इंजिन घेऊन नवा माणूस काय करणार?

आता आमच्या कॉलेजांकडे बघा. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणजे काळ्या पुठ्ठ्याच्या बांधणीवर सोनेरी अक्षरं. व्हायवा झाला की अहवाल कपाटात आणि कोड पेन ड्राइव्हवर. पुढची बॅच तेच उपस्थितीचं अ‍ॅप पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिते. पोरांत दम नाही असं कोण म्हणेल? दोष पद्धतीचा आहे : गुण नव्याला मिळतात, दुसऱ्याचं अर्धवट काम पुढे नेणाऱ्याला नाही. एखाद्या जुन्या खेळातला एक बग शोधून, मेंटेनरशी वाद घालून, तीनदा परत आलेला पॅच स्वीकारून घेणं हा माझ्या मते पुरेसा प्रोजेक्ट आहे. परीक्षकांना हे पटवणं मात्र सर्व्हर लिहिण्याहून अवघड.

सध्या दोन विद्यार्थी, एक उदगीरचा आणि एक किनवटची, अशा एका जुन्या क्लायंटच्या चॅटमध्ये देवनागरी आणत आहेत. तो क्लायंट एकेक अक्षर सुटं काढतो, जोडाक्षरं आणि वेलांट्या त्याला कळत नाहीत. अक्षरं जुळवून देणारी हार्फबझ ही मुक्त लायब्ररी आहे. खेळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एसडीएल-टीटीएफमध्ये तिचा आधार 2022 च्या आवृत्तीपासून मिळतो. म्हणजे आधी जुना क्लायंट नव्या आवृत्तीवर आणायचा, मग मराठी. या घडीला 'लातूर' व्यवस्थित उमटतं. 'किनवट'ची वेलांटी 'क'च्या पुढे जाऊन 'न'वर पडते, आणि ती जागेवर येत नाही तोवर किनवटच्या मुलीने दुसरं कुठलंच काम हातात घ्यायचं नाही असं ठरवलं आहे.